सहा सेकंदांचा पट आणि १७ एमबीचे ओझे

गेल्या वर्षी ऐन पावसात, गावोगावी रोपलावण चालू असताना, मी आमच्या गल्लीतील तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक हलते चित्र पाठवले. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडण्याचा कुस्तीतील डाव, कसा काढायचा हे दाखवणारे ते अवघे सहा सेकंदांचे चित्र होते. वस्तादांनी कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरून, एका पोराला समोर उभे करून, तो डाव स्वतः करून दाखवला होता आणि मी तो फोनवर टिपून त्याची जीआयएफ तयार केली होती. एकदा फाइल उघडली की डाव आपोआप पुन्हा पुन्हा सुरू व्हावा आणि पोरांना तो नजरेत बसेपर्यंत पाहता यावा, एवढाच माझा हेतू होता. चित्राचा दर्जा कमी होऊ नये म्हणून मी ती साधी न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली. फाइल १७ एमबीची होती.

दोन दिवसांनी राधानगरी तालुक्यातील एका मुलाचा फोन आला. तो वर्षभर तालमीतच राहतो. लावणीपुरता घरी गेला होता. "सर, तुमचं चित्र आलंय, पर उघडंना झालंय. नुसतं गोल फिरतंय," असे तो म्हणाला. त्याच्या घरात रेंज येत नाही. शेताच्या वरच्या अंगाला एक टेकाड आहे, तिथे गेले की थोडीफार रेंज मिळते. त्या टेकाडावर भर पावसात, डोक्यावर इरले आणि इरल्याखाली फोन धरून त्याने तीन वेळा ती फाइल उतरवून पाहिली आणि तिन्ही वेळा ती अर्ध्यावर तुटली. डाव त्याला शेवटपर्यंत दिसलाच नाही.

मी महाविद्यालयात संगणक शिकवतो. जीआयएफ कशी बनते आणि ती जड का होते, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. तरीही घरच्या वाय-फायवर ती फाइल क्षणात वर चढली, तेव्हा ती उतरवून घेणाऱ्याचा विचार माझ्या मनात आला नाही, याची मला मनापासून खंत वाटली. ग्रुपवर ६० जण आहेत. प्रत्येकाने ती फाइल उतरवली, तर सहा सेकंदांच्या एका डावासाठी सगळ्यांचा मिळून जवळपास १ जीबी डेटा खर्ची पडतो. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, उभ्या राहिलेल्या कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात सर्वांत मागच्या रांगेत बसलेल्या माणसालाही पुढच्याच्या डोक्याची आडकाठी न होता मधला हौदा दिसतो, कारण ते मैदान बशीसारखे मध्ये खोल आणि कडेने उंच होत गेलेले आहे. मी मात्र पुढच्या रांगेपुरतेच पाहिले होते.

हे ओझे येते कुठून, हे थोडे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण त्याचा आमच्या तांबड्या मातीशी फार जवळचा संबंध आहे. जीआयएफ हा प्रकार १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने अतिशय संथपणे माहिती जात असे आणि त्या संथ वाटेवरून रंगीत चित्र पोहोचवणे, हा त्यामागचा उद्देश होता. म्हणजे मुळात ही सोय कमी वेगाच्या माणसासाठीच केलेली होती. १९८९च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक फ्रेम, म्हणजे हलत्या चित्रातील एकेक स्थिर चित्र, किती वेळ दाखवायची हे नोंदवण्याची आणि काही ठिपके (पिक्सेल) पारदर्शक ठेवण्याची सोय आली. पुढे नेटस्केप नॅव्हिगेटरने चित्र अखंड फिरत ठेवण्याची जोड दिली आणि हलती चित्रे सगळीकडे पसरली. मूळचा साचा मात्र आजही तोच आहे. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग बसतात, आणि ठिपक्यांच्या त्याच त्या ओळी पुन्हा आल्या की त्या दर वेळी नव्याने न लिहिता त्यांची फक्त खूण लिहायची, या एलझेडडब्ल्यू पद्धतीने फाइल लहान केली जाते.

एखादा नकाशा, बोधचिन्ह किंवा मोठ्या अक्षरांची पाटी असेल, तर ही पद्धत उत्तम चालते, कारण तिथे एकाच रंगाचे सलग पट्टे असतात. आता हौद्यातील माती डोळ्यांपुढे आणा. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेल्या, फावड्याने रोज वर-खाली केलेल्या त्या मातीत एकसारखा रंग कुठेच सापडत नाही. ओल्या ढेकळाचा रंग वेगळा, भुसभुशीत कणांचा वेगळा, पाऊल उमटलेल्या खळग्याच्या सावलीचा आणखी वेगळा. तांबड्या रंगाच्या या शेकडो छटा २५६ रंगांत बसवताना संगणक डिदरिंग करतो, म्हणजे दोन रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी पेरून तिसऱ्या रंगाचा भास निर्माण करतो. डोळ्याला ते बरे दिसते, पण त्यामुळे ठिपक्यांच्या उरल्यासुरल्या सलग ओळीही मोडून जातात आणि पुन्हा येणारी ओळ सापडेनाशी होते. त्यात मी फोन हातात धरून चित्रण केले होते. हात किंचित जरी हलला, तरी मातीचा प्रत्येक ठिपका आपल्या जागेवरून सरकतो आणि संगणकाच्या दृष्टीने सगळे चित्रच बदलते.

व्हिडिओचे तसे नसते. एमपी४ फाइलमध्ये सहसा वापरली जाणारी एच.२६४ ही पद्धत पुढची फ्रेम आधीच्या फ्रेमवरून बेतते. चित्राचा हा तुकडा तीन ठिपके डावीकडे सरकला, एवढी नोंद तिला पुरते. जीआयएफला सरकणे ही गोष्टच ठाऊक नाही. न बदललेला भाग तिला तसाच ठेवता येतो, पण जो भाग हलला तो तिला पुन्हा मुळापासून लिहावा लागतो. माझ्या चित्रात ६४० बाय ३६० ठिपक्यांच्या ९० फ्रेम होत्या. प्रत्येक फ्रेममध्ये सुमारे २ लाख ३० हजार ठिपके येतात आणि ते जवळजवळ सगळे दर वेळी नव्याने लिहिले गेले होते. शिवाय फाइल उतरली म्हणजे काम संपले, असेही नाही. दाखवण्यासाठी फोनला त्या फ्रेम उलगडाव्या लागतात. एका ठिपक्याला चार बाइट धरले आणि सगळ्या फ्रेम एकदम उलगडून ठेवल्या, तर ८० एमबीहून अधिक मेमरी त्यातच गुंतते. साध्या फोनवर अशी चित्रे अडखळत चालतात आणि फोन तापतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

वस्तादांची तक्रार मात्र निराळीच होती आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. मी त्यांना ते चित्र माझ्या फोनवर दाखवले. चार-पाच फेऱ्या त्यांनी शांतपणे पाहिल्या आणि मग ते म्हणाले, "सर, ते जरा थांबवा की. पाय कुठं पडलाय ते बघायचंय." ते थांबवता येईना. जीआयएफला मुळात थांबवण्याचे बटणच नसते; ती आपल्या गतीने फिरत राहते आणि पाहणाऱ्याने तिच्यामागे धावायचे असते. पट काढताना हात झटकणे, खाली बसून आत शिरणे, डोके बरगडीला लावणे आणि पाय उचलणे, हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होऊन जाते. शिकणाऱ्याला नेमके तिथेच थांबायचे असते. मी पुनरावृत्तीच्या मोहाने थांबण्याची सोय काढून घेतली होती.

त्याच रात्री मी मूळ चित्रण एफएफएमपेग या मोफत प्रणालीतून काढले, आवाज वगळला आणि तेवढ्याच लांबी-रुंदीची एमपी४ फाइल केली. ती सुमारे ७०० केबी भरली. चित्र आधीपेक्षा स्वच्छ होते, मातीचा रंग मातीसारखा दिसत होता आणि हवे तिथे थांबवताही येत होते. आता तालमीसाठी मी हेच करतो. बऱ्याच जणांना कल्पना नसते, पण व्हॉट्सॲपवर छोटा व्हिडिओ जीआयएफ म्हणून पाठवला, तर आत तो एमपी४ व्हिडिओच असतो, म्हणून तो हलका राहतो. जड होते ती माझ्यासारखी डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली खरी जीआयएफ.

कधी कधी खरी जीआयएफच लागते. तालमीच्या एका जुन्या संगणकावर व्हिडिओ नीट चालत नाहीत, तिथे मला दुसरा मार्ग धरावा लागला. फोन तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) घट्ट बसवला, जेणेकरून मागची भिंत आणि बाजूची माती फ्रेमगणिक जागची हलणार नाही. चित्र पैलवानांच्या जवळ कापून ४०० ठिपके रुंदीचे केले, सेकंदाला १० फ्रेम ठेवल्या, रंग ६४वर आणले आणि डिदरिंग बंद केले. मग जिफसिकल या साधनाने न बदललेला भाग फ्रेममधून वगळून टाकला. माती थोडी पट्ट्यापट्ट्यांची दिसते, हे खरे आहे, पण डाव स्पष्ट कळतो आणि फाइल २ एमबीच्या आत बसते. या सगळ्यात सर्वाधिक फरक कशाने पडला असेल, तर तो तिकाटण्याने. फ्रेम आणि रंग कमी करण्याच्या खटपटी लोक करतात, पण हलणारा हात कोणी लक्षात घेत नाही.

पावसाच्या रडारची चित्रे हे जीआयएफच्या योग्य वापराचे मला दिसलेले चांगले उदाहरण आहे. स्थिर नकाशा, मोजके रंग, दहा-बारा फ्रेम आणि ढग कोणत्या दिशेने सरकत आहेत, हे एका नजरेत सांगणारी हालचाल. अशी फाइल लहानही असते आणि तिचा अर्थही हालचालीतच असतो. पुराच्या दिवसांत मात्र याच्या उलट घडते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असते, आणि नदीच्या खालच्या अंगाच्या शिरोळकडच्या माणसाला त्या वेळी हवा असतो तो आत्ताचा आकडा. तो आकडा कोसळत्या पाण्याच्या, उसळत्या अक्षरांच्या चित्रात घालून पाठवला जातो. वीज गेलेली असते, बॅटरी जपून वापरायची असते. अशा वेळी एका ओळीचा मजकूर पाठवावा, अशी माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे.

वाढदिवसाच्या आणि सणांच्या लुकलुकणाऱ्या शुभेच्छांबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. वेगाने उघडझाप करणारे चित्र काही अपस्माराच्या रुग्णांना झटका आणू शकते. जपानमध्ये डिसेंबर १९९७मध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्टून मालिकेतील लाल-निळ्या झगमगाटानंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा काही चमकू नये असे सांगितले आहे, आणि आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ इतर मजकुराशेजारी हलत राहणारे चित्र थांबवण्याची सोय असावी, असेही म्हटले आहे. वस्तादांनी वेगळ्या कारणासाठी तेच मागितले होते.

नवी फाइल त्या मुलाला पाठवली, तेव्हा तो टेकाडावरच होता. तीन-चार मिनिटांत त्याचा उलट फोन आला. त्याने डाव थांबवून थांबवून पाहिला होता आणि त्याला विचारायचे होते की, आत शिरताना वस्तादांचा मागचा पाय सपाट असतो की उचललेला. मी फोन घेऊन तालमीत गेलो. वस्तादांनी व्हिडिओ नेमक्या जागी थांबवला, दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ आपल्याच पायाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे बघा, टाच उचललीया. टाच उचलल्याबिगर आत शिरता येत न्हाई. त्याला म्हणावं, चिखलात रोप लावताना पाय उचलतोस, तशीच टाच उचल."

ते वाक्य मी जसेच्या तसे टाइप करून त्याला पाठवले.