आमची वाटचाल: वाळूजच्या पत्र्याखालचे सर्फबोर्ड

कूलरच्या बॉडीपासून आमची सुरुवात झाली. मराठवाड्यात फायबरचं काम करणाऱ्याला फेब्रुवारी ते मे कूलर, आणि बाकीचं वर्ष जे मिळेल ते: कंपन्यांचे मशीन गार्ड, बालवाडीच्या घसरगुंड्या, पाण्याच्या टाक्या. 2012-13च्या दुष्काळात आणि पुन्हा 2016ला, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं त्या उन्हाळ्यात, टाक्या एवढ्या गेल्या की मोल्ड रिकामा राहत नव्हता. लोकांच्या घशाला कोरड पडली की आपला धंदा चालतो, हे सांगताना तेव्हाही जीभ जड व्हायची.

सर्फबोर्ड, म्हणजे लाटांवर उभं राहून घसरायची फळी, भाच्याने आणला. तो मालवणकडे वॉटर स्पोर्ट्सच्या कामाला होता. मे अखेर तिकडचा हंगाम बंद होतो, तेव्हा सुट्टीला येताना एक फुटका बोर्ड एसटीच्या टपावर टाकून घेऊन आला. "मामा, फायबरच आहे ना हे? जोडून द्या." बोर्ड परदेशी होता आणि नवा मागवायचा तर बोर्डाएवढंच भाडं आणि ड्युटी, म्हणून मालकाने त्याला दुरुस्त करून आणायला सांगितलं होतं.

आमच्या मिस्त्रींनी वीस वर्षं फायबर केलेलं. त्यांनी भोक साफ केलं, काचेच्या धाग्यांची मॅट कापली, नेहमीच्या पॉलिस्टर रेझिनमध्ये ते घट्ट करणारे कोबाल्ट आणि कॅटलिस्ट टाकून ओतलं आणि चहाला गेले. परत येऊन बघतात तर बोटभर भोकाच्या जागी वाटीएवढं भगदाड. "मालक, हे तर आतून पाघळलं!" आतला फोम थर्मोकोलचा होता. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्मोकोल स्टायरीनमध्ये विरघळतो. बर्फीवर गरम पाणी ओतावं तसं झालं होतं. तो बोर्ड आम्ही स्वतःच्या पैशाने भरून दिला. या धंद्यातली आमची पहिली गुंतवणूक तीच.

मग वाचायला लागलो. जुने बोर्ड पॉलियुरेथेन फोमचे, वरून पॉलिस्टर. त्या फोमवर पॉलिस्टर चालतं. अमेरिकेतल्या बहुतेक बोर्डांचा फोम कॅलिफोर्नियातली क्लार्क फोम ही एकच कंपनी पुरवायची, आणि 5 डिसेंबर 2005ला तिने एका दिवसात शटर ओढलं. बोर्ड बनवणाऱ्यांची पळापळ झाली आणि अनेक जण थर्मोकोलकडे, म्हणजे ईपीएसकडे वळले. थर्मोकोलवर पॉलिस्टर चालत नाही, म्हणून इपॉक्सी हे दुसरं रेझिन. इपॉक्सी महाग, पण काच धरून ठेवण्यात पक्कं, वाळताना कमी आकसणारं आणि पॉलिस्टरसारखं तडकन न फुटणारं. हलका गाभा आणि चिवट कातडं, असा हा जोड.

तर आम्ही ठरवलं, आपणही करू. भाचा नोकरी सोडून गाळ्यात आला.

पहिलं वर्ष मिस्त्रींच्या सवयी मोडण्यात गेलं. पॉलिस्टरमध्ये घाई असली की कॅटलिस्ट चार थेंब जास्त टाकायचा, माल लवकर पिकतो. इपॉक्सीत तो हिशोब लागू होत नाही. रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर यांचे कण एकमेकांना गुंफून पकडतात, त्यामुळे डब्यावर लिहिलेल्या मापाच्या वर गेलेला हार्डनर जोडीदाराविना तसाच राहतो. मिस्त्रींनी अंदाजाने "थोडा जादा" टाकलेला एक बोर्ड आठ दिवसांनीही नखाने ओरखडत होता, जुन्या चिक्कीसारखा. तेव्हापासून सोनाराच्या दुकानातला असतो तसला काटा गाळ्यात आला. दुसरा धडा मेमध्ये मिळाला. दीड किलो इपॉक्सी एकाच मगात कालवलं. दहा मिनिटांत मग हातात धरवेना आणि धूर निघायला लागला. आता थोडं थोडं कालवतो आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओततो. एका पोराच्या हाताला हार्डनरने पुरळ उठलं ते महिनाभर गेलं नाही, म्हणून हातमोज्यांबाबत मी कुणाचंच ऐकत नाही.

पहिला लॉट बारा बोर्डांचा. आठ फुटी, शिकाऊ लोकांसाठी. वजन साडेतीन किलो. एका हाताने उचलून दाखवताना मला भलतीच ऐट यायची. गिऱ्हाईकही उचलूनच खूश होत होतं. हंगाम निम्म्यावर यायच्या आत बारातले सात परत आले.

चार बोर्डांच्या वरच्या बाजूला टाचांचे खड्डे. सर्फिंग करताना पाय जिथे रोवायचे तिथे काच दबून पांढऱ्या रेघा उमटलेल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. त्या रेघांतून पाणी आत. थर्मोकोल तसा पाणी पीत नाही असं आपण समजतो, पण दाण्यादाण्यांमधल्या फटींतून ते सरकत राहतं. एक बोर्ड काट्यावर ठेवला तर पाच किलोच्या वर भरला. दीड किलोहून जास्त अरबी समुद्र आमच्या गाळ्यात आला होता. बाकीच्या तिघांचं कातडं फोमपासून सुटून पापडासारखं फुगलेलं. ते जीपच्या टपावर दुपारभर उन्हात राहिले होते.

फुगलेल्या तिघांचा दोष गिऱ्हाईकावर ढकलता आला असता. खड्ड्यांचं काय? मला फोमचाच संशय आला. आम्ही पैसे 32 किलो घनतेचे, म्हणजे एका घनमीटरला 32 किलो भरेल अशा मालाचे दिले होते. उरलेला एक ब्लॉक मापला: 2.4 मीटर लांब, 0.6 रुंद, 0.125 जाड. भरले 0.18 घनमीटर. वजन पाहिजे पावणेसहा किलो. शेजारच्या जिनिंगवाल्याच्या काट्यावर ठेवला आणि आकडा आला 3.6 किलो. म्हणजे घनता 20. पॅकिंगचा थर्मोकोल आम्हाला बोर्डाचा म्हणून विकला होता. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, थर्मोकोल तो थर्मोकोल." नाव सांगत नाही, पण तेव्हापासून प्रत्येक ब्लॉक टेम्पोतून उतरला की आधी काट्यावर जातो, मग पैसे.

काचेतली चूक मात्र आमचीच. वजन वाचवायला वर एकच थर दिला होता. आता पायाच्या बाजूला चौरस मीटरला 200 ग्रॅमवालं कापड दोन थर, खाली एक, आणि कडेला दोन्ही बाजूंची कापडं एकमेकांवर चढवलेली. एका जादा थराला काच आणि रेझिन मिळून चारशे ग्रॅमच्या आसपास जातात, दाट फोमला आणखी पाऊण किलो. बोर्ड पावणेपाच किलोवर गेला. गिऱ्हाईक तक्रार करतं, करू दे. घासकामातही असंच: शेवटचा थर गुळगुळीत करताना पोरं कापडापर्यंत घासायची, आणि धागा कापला गेला की तिथली ताकद गेली. आता कापडाची वीण दिसायला लागली की हात थांबतो.

चाचणीसाठी प्रयोगशाळा कुठून आणायची? किराणा दुकानातलं एक किलोचं लोखंडी माप एक मीटरवरून बोर्डावर सोडतो. पहिल्या लॉटच्या बोर्डावर माप पडलं की पांढरं चक्र उमटायचं. आताच्यावर उथळ खळगी पडते, काच शाबूत राहते. बोर्ड पाण्यात चालवून बघायला आमच्याकडे नाथसागर, म्हणजे जायकवाडीचं धरण आहे, पण त्याला लाटाच नाहीत. तिथे एकदा बोर्ड घेऊन गेलो तर थर्मोकोलच्या लाद्यांवर बसून जाळं टाकणाऱ्या एका मच्छीमाराने दाबून बघितला, किंमत विचारली आणि हसतच आपल्या लादीवर जाऊन बसला.

एक गोष्ट मात्र मराठवाड्याने फुकट दिली: ऊन. मेमध्ये सावलीत बेचाळीस असतं तेव्हा शेडचा पत्रा असा तापतो की हात ठेवून बघायची हिंमत होत नाही. प्रत्येक लॉटमधला एक बोर्ड आम्ही आठवडाभर त्या पत्र्यावर ठेवतो. उन्हात आतली हवा फुगते आणि तिला वाट नसेल तर ती कातडं उचलते. म्हणून बोर्डात व्हेंट, म्हणजे हवा जायची वाट असते. आधी स्क्रूचा लावत होतो, तो सैल करायचं लोक विसरायचे, नाहीतर सैल ठेवूनच पाण्यात उतरायचे. आता पडद्याचा लावतो, हवा जाते पण पाणी जात नाही. आणि रंग फक्त पांढरा किंवा फिका. गोव्याच्या एकाने काळेभोर सहा बोर्ड मागितले होते, आगाऊ पैसे द्यायला तयार होता. नाही म्हणालो. बायकोने दोन दिवस अबोला धरला.

ऊन शिकवतंही. सकाळी दहाला काच टाकायला घेतली की दुपारपर्यंत सगळ्या थरात सुया टोचल्यासारखी भोकं. तापमान चढत असताना फोममधली हवा बाहेर निघते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. उतरत्या उन्हात उलटं होतं, फोम रेझिन आत ओढून घेतो. म्हणून उन्हाळ्यात आमचं लॅमिनेशन, म्हणजे काच आणि रेझिन चढवायचं काम, संध्याकाळी सहाला सुरू होतं आणि रात्री अकराला संपतं. मधे लाइट गेली तर मोबाईलच्या उजेडात.

हंगाम संपला की कोकणातले भिजलेले बोर्ड दुरुस्तीला येतात. तिकडच्या दमट हवेत ते महिनोन् महिने वाळत नाहीत. आमच्याकडे सावलीत आडवे ठेवायचे, फुटकी बाजू खाली, आणि रोज वजन वहीत लिहायचं. सलग तीन दिवस आकडा हलला नाही की मगच भोक बुजवायचं. पाऊस लवकर आला तर हे गणित कोलमडतं.

उन्हाने इपॉक्सी पिवळं पडतं, त्यावर गाड्यांचे पार्ट रंगवणाऱ्या एका शेजाऱ्याकडून क्लिअर कोट मारून घेतो. पिवळेपणा उशिरा येतो, येतो मात्र. "इपॉक्सी म्हणजे अजिबात न तुटणारं" असं आमच्या बिलावर लिहावं, अशी भाच्याची सूचना होती. मी कातडं सुटण्याची एक वर्षाची हमी लिहिली. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेने बोर्ड वाळूत उभा आपटला तर तो मधोमध मोडतो, आमचा काय नि कुणाचा काय.

सध्या डोक्याला ताप आहे तो ट्रकचा. समुद्रात जेवढी टोकं फुटत नाहीत तेवढी वाळूज ते मालवण रस्त्यात फुटतात. बबल शीट झाली, पुठ्ठा झाला. शेवटी आईने गावाकडून जुन्या लुगड्यांच्या वाकळा पाठवल्या. एका बोर्डाला एक वाकळ, वरून सुतळी. तेव्हापासून एकही टोक फुटलं नाही. वाकळ परत पाठवायची असं प्रत्येक चलनावर लाल अक्षरांत लिहितो. मागच्या हंगामात नऊ गेल्या, परत आल्या चार. तारकर्लीच्या एकाला फोन केला तर म्हणाला, पावसात बरी पडते, आणखी आहेत का?