आमची वाटचाल : रात्री दोनची नोंद

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लेथचं वर्कशॉप. त्याच गाळ्याच्या मागच्या खोलीत मी आणि मेहुण्यानं फाउंड्रीतल्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातल्या रोबोटना कॅमेरे जोडून द्यायचं काम सुरू केलं. पुढची दिशा मिळाली ती शिरोलीतल्या एका सुपरवायझरच्या फोनमुळे. "रात्री दोनला ह्यो थांबला. का थांबला तेवढं सांगा की!" आम्हाला सांगता आलं नाही. कॅमेऱ्याच्या नोंदीचं मेमरी कार्ड भरलं होतं, जुन्यावर नवीन लिहिलं जात होतं आणि नेमकी दोनची नोंद पुसली गेली होती. फार लागलं ते मनाला.

हिशेब मांडला. 1920 बाय 1080 चा एक फोटो कॉम्प्रेस न करता साधारण 6.2 एमबी. सेकंदाला 30 धरले तर तासाला 670 जीबी, तेही एकाच कॅमेऱ्याचे. मग ठरवलं, चित्र सगळं ठेवायचंच नाही. शेवटची 30 सेकंदं रॅममध्ये फिरती ठेवायची आणि रोबोट अडला की तेवढीच डिस्कवर उतरवायची. रोबोटच्या सांध्यांचे कोन आणि मोटरचा करंट मात्र पूर्ण ठेवतो, आकड्यांना जागा ती किती लागणार?

खरा त्रास दिला लाईटनं. रॉस म्हणजे रोबोट चालवायचं सॉफ्टवेअर. त्याच्या नोंदी ज्या जुन्या बॅग फाइलमध्ये साठतात, तिची अनुक्रमणिका फाइल बंद होताना शेवटी लिहिली जाते. मध्येच लाईट गेली की फाइल अर्धवट, ती पुन्हा इंडेक्स करत बसा. एमकॅप हे नोंदींच्या फाइलचं दुसरं स्वरूप तुकड्यातुकड्यानं लिहितं, त्यामुळे गेला तर शेवटचा तुकडा जातो. 2023 मध्ये रॉस 2 च्या आयर्न आवृत्तीत तेच डिफॉल्ट, म्हणजे वेगळं न सांगता वापरलं जाणारं स्वरूप झालं, पण आम्ही आधीच तिकडे वळलो होतो. जोडीला छोटा यूपीएस. नोंदी ठेवणाऱ्या कॉम्प्युटरच्या पेटीचा पंखाही काढला, तो धूळ आत ओढायचा. उघडून बघितली तेव्हा आतल्या बोर्डावर मोल्डिंगच्या वाळूतल्या कोळशाच्या भुकटीचा काळा थर बसला होता, बोटानं रेघ ओढता येईल एवढा.

2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला. रोबोट पंचगंगेच्या पलीकडे, बॅकअपची डिस्क अलीकडे आमच्या गाळ्यात. तेव्हापासून एक प्रत गिऱ्हाइकाच्याच वरच्या मजल्यावर असते.

गेल्या महिन्यात त्याच सुपरवायझरचा पुन्हा फोन आला. या वेळी 30 सेकंदांची क्लिप होती. कास्टिंगला रनरचा, म्हणजे रस साच्यात जायच्या वाटेत गोठलेल्या धातूचा तुकडा तसाच राहिला होता, जॉब त्याला धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरमध्ये बसेना, म्हणून करंट चढला आणि रोबोट थांबला. त्यानं ती क्लिप मोबाइलवर घेतली आणि थेट फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंगचे असले जादा तुकडे काढणाऱ्या पोरांकडे गेला.