एमपीएफआयचे गचके: माग अर्थिंगपर्यंत पोचला

माझी एमपीएफआय गाडी (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी) चालताना मध्येच गचके देत होती, त्याचं कारण शोधत होतो. इंधनाचा दाब तपासून झालाय. गचका बसत असतानाही गेजचा काटा ३ बारवरून हलला नाही, त्यामुळे पंप आणि फिल्टर तूर्त बाजूला. गाडी १.३ लिटरची, चार सिलिंडरची, जुन्या पिढीतली. चेक लाइट पेटत नाही, स्कॅनर जोडायची सोय नाही.

खरी दिशा स्पार्क प्लगांनी दिली. रत्नागिरीजवळ भाट्ये ते पावस जाऊन आल्यावर चारही काढले, तर चारही सारखेच काजळलेले. एकच इंजेक्टर बिघडला असता तर एकच प्लग वेगळा दिसला असता, आणि पेट्रोल कमी पडत असतं तर काजळी धरलीच नसती. म्हणजे चारही सिलिंडरना पेट्रोल जास्त जातंय. परतताना शेजारी बसलेल्या पुतण्याच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. "काका, रेडिएटरचा फॅन लागला ना, की गचका बसतो."

हे फार मोलाचं निघालं. मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) अर्थला, म्हणजे निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या जोडणीला, लावून मीटर केबिनमध्ये घेतला. फॅन बंद असताना ०.०३ व्होल्ट. फॅन लागला की ०.४, आणि त्याच क्षणी इंजिन अडखळतं! ईसीयू आणि फॅन, दोघांचा अर्थ एकाच बोल्टवर आहे.

आता ०.४ व्होल्टने एवढं काय बिघडतं? ऑक्सिजन सेन्सर धुरावरून ईसीयूला मिश्रण कसं आहे ते सांगतो: व्होल्ट जास्त म्हणजे पेट्रोल जास्त. या गाडीचा सेन्सर एका वायरचा आहे, त्याचा अर्थ सायलेन्सरच्या पाइपातून थेट इंजिन ब्लॉकला मिळतो. ईसीयूचा अर्थ वर उचलला गेला, की सेन्सरचे खरे ०.८ व्होल्ट त्याला ०.४ दिसतात. मिश्रण भरपूर घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त, असूनही ईसीयूला ते ठीक वाटतं, किंबहुना जरा पातळच, आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. सेन्सर निर्दोष, ईसीयूही निर्दोष. अशा वेळी एकेक सेन्सर बदलत जाणं म्हणजे पैसे पाण्यात.

मीटर ओहमवर ठेवून हा दोष सापडत नाही, हे आवर्जून सांगतो. फॅन १० अँपिअर घेतो असं धरलं, तर ०.४ व्होल्टला ०.०४ ओहम पुरतात. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून जास्त असतो. करंट वाहत असतानाच व्होल्टेज मोजा.

बोल्ट खोलला. वरून लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) चकचकीत, पण क्रिंपच्या, म्हणजे लग वायरीवर दाबून बसवतात त्या भागाच्या, आत तांब्याच्या तारा हिरव्या पडून भुगा झालेल्या. आपल्या किनाऱ्यावर हे होणारच. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं, आणि पावसाळ्यात आपली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. इन्सुलेशनखाली कुठवर हिरवं गेलंय ते पाहत वायर मागे कापत गेलो. चांगलं तांबं बरंच आत लागलं. नवीन वायर, नवे लग, बोल्टखालचा रंग घासून काढला, वर पेट्रोलियम जेलीचा थर. फॅनचा अर्थ वेगळ्या बोल्टवर नेला.

आता फॅन चालू असताना ०.०२ व्होल्ट. आरे-वारेचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये, फॅन चालू ठेवून चढवला, एकही गचका नाही. प्लग साफ करून परत बसवलेत, त्यांचा रंग थोड्या दिवसांनी बघेन. टाकीजवळचा पंपाचा अर्थही त्याच वयाचा आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत त्याचंही माप घेणार.