गोळ्या अजून चालूच आहेत

“आता तर तुम्ही अगदी छान आहात. मग गोळ्या अजून चालूच?” हा प्रश्न मला माहेरी विचारतात, ऑफिसात विचारतात, लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणीही विचारतात. परवा आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारला. त्यांच्या भाच्याला नुकतंच बायपोलरचं निदान झालंय. मला आहे तोच हा आजार: कधी मन बेफाम चढतं, त्याला उन्माद म्हणतात, तर कधी पार खचतं. म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

वहिनी, मी छान आहे ती गोळ्या चालू आहेत म्हणूनच. मलाही हे एकदा पटलं नव्हतं. दोन वर्षं सगळं सुरळीत गेलं आणि मी कुणालाही न सांगता लिथियम, म्हणजे याच गोळ्या, बंद केलं. पुढे गणपती आले. आपलं लालबाग, म्हणजे रात्रभर ढोल-ताशे, पाहुणे, जागरण. एका रात्री तीन तास झोपले, दुसऱ्या रात्री दोन, तरी थकवा नाही. पहाटे तीनला चिंचेचा कोळ घेऊन घरातली सगळी पितळेची भांडी घासत बसले होते. डोक्यात पोळी-भाजी केंद्राचा बेत इतका लख्ख दिसत होता की त्याच सकाळी बँकेत जाऊन मुलीच्या नावची मुदत ठेव मोडली. ह्यांनी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी ह्यांनाच वैरी समजत होते. त्यानंतरचे पाच महिने केस विंचरायचंही बळ नव्हतं.

झोप उडणं हे उन्मादाचं लक्षण असतंच, पण पुष्कळदा जागरणानेच उन्माद सुरू होतो. म्हणून रात्री नऊला गोळी आणि साडेदहाला दिवा बंद, घरात लग्न असलं तरी. लोकांना हे तुसडेपणाचं वाटतं. वाटू दे.

गोळीचं आणि रोजच्या जगण्याचं नातं मला खरं कळलं ते एका नवरात्रात. लिथियम हा एक क्षारच आहे. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी उन्मादावर त्याचा गुण दाखवून दिला. आपलं मूत्रपिंड त्याला मिठासारखंच वागवतं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की ते मीठ धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. मी अळणी उपास धरला होता, ऑक्टोबरचा उकाडा, पाणी बेताचंच. त्यात गुडघा दुखला म्हणून केमिस्टकडून आयबुप्रोफेन आणून चार दिवस घेतलं. त्यानेही लिथियम चढतं, हे मला ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी हातातली कपबशी खडखड वाजायला लागली, जुलाब सुरू झाले, जिना उतरताना तोल जायला लागला. रक्तातली लिथियमची लेव्हल निघाली १.७. माझी एरवी ०.७ च्या आसपास असते. गोळी एकही जास्त घेतली नव्हती, वहिनी. डबीतल्या गोळ्या तेवढ्याच होत्या, बदललं होतं ते माझं खाणं-पिणं.

तेव्हापासून पर्समध्ये पाण्याची बाटली असतेच. मार्गशीर्षातले गुरुवार करते, पण मीठ-पाणी सोडत नाही. उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. दुखणं-खुपणं असलं तर मला पॅरासिटामॉल चालतं असं त्यांनी सांगितलंय, दुसरं काहीही विचारल्याशिवाय नाही. लेव्हल तपासायची तर रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यावं लागतं, म्हणून त्या दिवशी सकाळी नऊला लॅबच्या दारात उभी असते. थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) दर सहा महिन्यांनी.

तहान जास्त लागते, वजन वाढलंय, बोटं किंचित थरथरतात. सुईत दोरा आता मुलगी ओवून देते. हे भाच्यापासून लपवू नका. त्याला त्रास झाला तर त्याने डॉक्टरांशी भांडावं, डोस बदलून मागावा, दुसरं औषध आहे का विचारावं. मनाने बंद मात्र करू नये. लिथियम एकदम सोडलं की आजार उलटण्याचा धोका फार असतो, तो मी भोगलाय.

यंदा विसर्जनाच्या रात्री मी बोरिवलीला नणंदेकडे झोपायला गेले. आरती सकाळी घरीच केली, बाप्पाला निरोप दिला आणि संध्याकाळी सहाची गाडी पकडली. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि गोळ्यांच्या डबीतला त्या दिवसाचा खण. भाच्याला रविवारी घेऊन या, ती डबी कशी भरते ते त्याला दाखवीन.