ठाणे ते खारघर, १०० दिवस: प्रत्यारोपण जमलं, खोलीने रडवलं

खारघरच्या हॉस्पिटलात भावाचं बोन मॅरो प्रत्यारोपण झालं, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या मज्जेचं. काल त्याचा शंभराव्या दिवसाचा रिपोर्ट आला. त्याच्या रक्तातल्या पेशी आता पूर्णपणे डोनरच्या, म्हणजे माझ्या. आनंदाने रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून बसून लिहून काढतेय. किमोमधून गेलेल्या घराला मास्क, थर्मामीटर, उकळलेलं पाणी हे शिकवायला नको, ते सोडून देते.

धाकट्याला एएमएल, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर. सख्ख्या भावंडाचा टिश्यू टाइप (रक्तगट नव्हे) पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, ती आमच्या वाट्याला आली. त्याच आठवड्यात नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "मज्जा मणक्यातून काढतात, जन्मभराची कंबरदुखी लागेल." परळच्या टाटामध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये केलं, तरी आपल्या घरांत अजून मणकाच चालू आहे. माझ्या मणक्याला कोणी हातही लावला नाही. आधी काही दिवस रोज इंजेक्शन, त्याने स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, हाडांतून रक्तात उतरतात. तिसऱ्या दिवशी कंबर आणि मांड्यांची हाडं तापात ठणकतात तशी ठणकली. पाचव्या दिवशी एका हातातून रक्त मशीनमध्ये आणि दुसऱ्या हातातून परत, साडेचार तास. ओठांना मुंग्या आल्या की लगेच सांगा, कॅल्शियम देतात. मी सहन करत बसले आणि बोटं आखडली. खुर्चीत बसण्याआधी बाथरूमला जाऊन या, मध्ये उठता येत नाही. बस, एवढंच. घाबरून डोनर व्हायला नकार देऊ नका.

त्याला पेशी चढवल्या त्या रक्ताच्या पिशवीसारख्या, तासाभरात. खरे वाईट दिवस सहावा ते चौदावा. तोंडभर फोड, थुंकी गिळता येत नव्हती, मॉर्फिन लावलं होतं. सोळाव्या दिवशी संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काउंट ५०० च्या वर गेले.

या काळात एसडीपी लागतात, म्हणजे एकाच माणसाकडून मशीनवर घेतलेले प्लेटलेट. डोनरची यादी दाखल होण्याआधी करा. कळव्याहून आलेल्या भावाच्या मित्राला परत पाठवलं, आदल्या दिवशी डोकेदुखीची गोळी घेतली होती म्हणून. तीन दिवस ॲस्पिरिन वगैरे काही नको, पोटभर खाऊन यायचं, दोन तास मोकळे ठेवायचे. आणि ठाण्याहून येणाऱ्याला बजावून सांगा: पनवेल लोकल पकडायची, वाशी नाही. चुकून वाशीची पकडलीच तर तुर्भ्याला उतरा.

आता खोली. डॉक्टरांनी बजावलं होतं की डिस्चार्जनंतरही, प्रत्यारोपणाला शंभर दिवस होईपर्यंत हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत राहायचं. रात्री ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नसते, आणि पावसात महापेवरून ठाण्याहून येणं म्हणजे जुगार. म्हणून मी घाईघाईत एजंट गाठला. "ताई, चालत पाच मिनिटं." रिक्षाने वीस मिनिटं लागली. वन बीएचकेचे २८,००० भाडं, एक लाख डिपॉझिट, महिन्याची दलाली वेगळी. त्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावरचे १९,००० देत होते, हे नंतर वॉचमनकडून कळलं. हॉस्पिटलची फाइल हातात दिसली की दर वाढतो. फाइल पिशवीत ठेवा.

पैशाचंही मी विसरले असते. पण बेडरूमची भिंत ताज्या रंगाची होती आणि मी त्याला स्वच्छता समजले. आठव्या दिवशी कपाटामागे हात घातला तर भिंत गार, ओली, बोटाला पापुद्रा आला. त्याखाली मोहरीएवढे काळे ठिपके, खिडकीपर्यंत. पलीकडे वरच्या बाथरूमचा पाइप. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या फुप्फुसात ही बुरशी शिरली तर जीव जाऊ शकतो. भाऊ त्या भिंतीपासून चार फुटांवर झोपत होता. त्या रात्री मी त्याचा पलंग हॉलमध्ये ओढला आणि पहाटेपर्यंत त्याचा श्वास ऐकत बसले.

सोडायला गेलो तर करारात सहा महिन्यांचं लॉक-इन, म्हणजे त्याआधी खोली सोडता येत नाही. डिपॉझिटमधून १५,००० रंगाचे कापले, त्याच भिंतीचे. संताप अजून उतरलेला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: दाखल होण्याच्या पंधरा दिवस आधी खोली ठरवा, आणि एजंटच्या आधी हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला विचारा. ट्रस्टच्या खोल्यांचा पत्ता मला तिथेच मिळाला, पण उशिरा. दिवसा जा. कपाटं सरकवा, भिंतीला तळहात लावा, माळ्यात डोकं घालून वास घ्या. बाथरूमला लागून असलेली भिंत आधी बघा. शेजारी बांधकाम असेल किंवा एसीवर कबुतरं बसत असतील तर तिथूनच परत फिरा, भाडं निम्मं असलं तरी. लॉक-इन काढल्याशिवाय सही नाही.

दुसऱ्या खोलीतले दोन महिने बरे गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एकच: सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं औषध) रक्तात किती आहे ही लेव्हल तपासायची असेल त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, आधी नाही. आम्ही एकदा चुकलो, पुन्हा सुई टोचावी लागली.

भाऊ बी पॉझिटिव्ह होता, मी ओ. आता त्याचा गट ओ होतोय, पण आधार कार्डाच्या पाकिटातल्या जुन्या कार्डावर अजून बी लिहिलंय. ते काढून टाका, आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात तर त्याला रक्त चढवण्याआधी दोन्ही गट आणि प्रत्यारोपणाची तारीख तोंडी सांगा. मी त्याच्या फोनच्या मागे चिठ्ठी चिकटवली आहे.