गळते कोठे, यापेक्षा गळते केव्हा

जुन्या मोटारसायकलखाली पेट्रोलचा डाग दिसला की बहुतेकांचा हात सर्वप्रथम कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) मिक्श्चर स्क्रूकडे, म्हणजे त्या मिश्रणाचे प्रमाण जुळवणाऱ्या स्क्रूकडे जातो. त्या स्क्रूने गळती थांबत नाही. उलट, व्यवस्थित असलेले आयडलिंग (मूठ न पिळता इंजिनचे मंद चालणे) मात्र बिघडते. त्याऐवजी पेट्रोल नेमके केव्हा गळते, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे.

टाकीच्या कॉकच्या (पेट्रोल चालू-बंद करणाऱ्या तोटीच्या) पॅकिंगमधून निघालेला ओघळ नळीच्या बाहेरून उतरून कार्बोरेटरच्या बुडाशी जमतो आणि दोष कार्बोरेटरला लागतो. म्हणून कॉक, नळी आणि कार्बोरेटर फडक्याने कोरडे पुसून, इंजिन थंड असताना आणि गाडी मोकळ्या हवेत उभी करून तपासणी करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते, त्यामुळे बंद खोलीत हे काम करूच नये. कॉक बंद असतानाही ओल दिसली, तर कॉक किंवा टाकीशी असलेला त्याचा जोड तपासावा. कॉक चालू करताच ओव्हरफ्लो नळीतून (जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धार लागली, तर फ्लोट नीडल, म्हणजे कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल रोखणारी सुई, ते अडवत नाही. बाऊलच्या (कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या) सांध्याभोवती ओल असेल, तर गॅस्केट, म्हणजे सांध्यातील पॅकिंग, गेले आहे. कॉक खरोखर बंद होतो का, हे पाहण्यासाठी नळीचे टोक बाटलीत सोडून ठेवावे. व्हॅक्यूमवर (इंजिनच्या ओढीवर) चालणाऱ्या कॉकच्या बारीक नळीत पेट्रोल आढळले, तर आतला पडदा फाटलेला असतो आणि तेथून पेट्रोल थेट इंजिनमध्ये ओढले जाते.

माझ्या मते खरा अभ्यास फ्लोट नीडलचा आहे. पाण्याच्या टाकीतील तरंगत्या चेंडूप्रमाणे फ्लोट वर उचलला जातो आणि नीडलला सीटवर (ती बसते त्या छिद्रावर) दाबून पेट्रोल थांबवतो. नीडलचे टोक उजेडात धरून पाहिले, तर झिजलेल्या टोकावर गोलाकार चकचकीत रेघ दिसते. नख फिरवल्यास तेथे खाच लागते. अशी नीडल बदलावीच. पितळी फ्लोट कानाजवळ हलवला असता आत पेट्रोल खळखळले, तर त्याला भोक आहे आणि तो आता तरंगणार नाही. फ्लोटची उंची मोजताना त्याची पट्टी नीडलच्या स्प्रिंगदार पिनला नुसती टेकलेली हवी, पिन दबलेली नको; एवढ्यानेच माप चुकते. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे बाऊलच्या ड्रेनला (पेट्रोल काढून टाकण्याच्या तोंडाला) पारदर्शक नळी जोडून ती बाऊलशेजारी उभी धरणे आणि ड्रेन स्क्रू सैल करणे, कारण त्या नळीत आतली खरी पातळी दिसते.

ही पातळी गाडीच्या चालीवरही परिणाम करते. ती जास्त असली की मिश्रण गडद होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त येते, प्लग काजळतो आणि इंजिन अडखळते. कमी असली की वेग वाढवताना इंजिनचा दम तुटतो. म्हणून जेट (पेट्रोलचे माप ठरवणारे बारीक छिद्राचे भाग) बदलण्याआधी पातळी तपासावी. त्यानंतर बिघाड कोणत्या थ्रॉटलवर, म्हणजे वेगाची मूठ किती पिळल्यावर, आहे ते पाहावे: साधारणपणे आयडलिंगपासून एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट, मधल्या भागात स्लाइडची (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या भागाची) नीडल, जी फ्लोट नीडलहून वेगळी आहे, आणि पूर्ण थ्रॉटलला मेन जेट जबाबदार असतो. चोक (मिश्रण गडद करणारी कळ) थोडा ओढल्यावर गाडी सुधारली, तर मिश्रण पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचे, आहे. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम वरच लटकून राहत असेल, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांमधील रबरी मॅनिफोल्डला (जोडनळीला) तडा गेला असावा. तेथे पाण्याचा फवारा मारताच आवाज बदलला, तर शंका पक्की होते.

पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते, त्यामुळे शिळ्या पेट्रोलचा चिकट थर ते सहज बुजवतो. क्लीनर मारून उजेडाकडे धरल्यास स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. त्यात पोलादी तार घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र कायमचे मोठे होते. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत टेकेपर्यंत किती फेरे होतात ते लिहून ठेवावे. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर आत फिरवल्यावर मिश्रण गडद होते. इंजिनच्या बाजूला असेल, तर पातळ. हा फरक माहीत नसलेले कितीतरी सल्ले ऐकायला मिळतात.

बाऊलच्या तळाशी तांबूस कण सापडले, तर ते टाकीतील गंजाचे आहेत. टाकी साफ न करता नवी फ्लोट नीडल बसवली, तर तीही काही काळात तशीच गळू लागते. शेवटी इंजिन ऑइलची पातळी पाहावी. ती वाढलेली असेल किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे संरक्षण करू शकत नाही.