प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवा

परवा एका मोठ्या संस्थेत व्याख्यानाला गेले होते. विषय शहरात येणाऱ्या स्थलांतरित मजुरांचा, वक्त्या जबरदस्त तयारीच्या, हॉल खच्चून भरलेला. पण दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मग मान्यवरांची मनोगतं यात पाऊण तास गेला आणि शेवटी "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत" म्हणून आभार मानून मोकळे. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने वहीत तीन प्रश्न लिहून काढले होते, मला दिसत होते. तिने गुपचूप वही मिटली आणि गेली. तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय.

मला व्याख्यानांची गोडी लागली ती बहिःशालमुळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पुणे विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ आहे, त्यांच्याकडून कॉलेजांमध्ये डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला होते. जयकर म्हणजे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, १९४९ला विद्यापीठ सुरू झालं तेव्हाचे पहिले कुलगुरू. पुणे, नगर, नाशिक या जिल्ह्यांतल्या कॉलेजात बाहेरून वक्ते येतात, इतिहास, साहित्य, अर्थकारण, समाज असे विषय असतात, आणि ऐकायला फक्त विद्यार्थीच पाहिजेत असं काही नाही, गावातलं कोणीही येऊन बसू शकतं. बहिःशाल या शब्दातच ते आहे, शाळेच्या बाहेर. मला तो शब्द फार आवडतो.

जानेवारी २०२४मध्ये मामाकडे निफाड तालुक्यात गेले होते, तेव्हा मामा म्हणाला चल, कॉलेजात व्याख्यान आहे, शेतमालाच्या बाजारावर. गेलो. पुढे मुलं-मुली, मागे दोन-तीन ओळीत गावातली माणसं, कोणी स्वेटर कोणी मफलर, आणि दाराशी चपलांचा ढीग. दिवस कसे होते आठवा. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं होतं, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याखालच्या भावाने बाहेर पाठवायचाच नाही, आणि ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदीच. म्हणजे समोर बसलेल्या निम्म्या लोकांचा कांदा त्या आठवड्यात शेतात नाहीतर मार्केटला होता.

सरांनी पडद्यावर आलेख लावला, पुरवठा वाढला की भाव कसा उतरतो, सरकार मध्ये पडलं की काय होतं वगैरे, आणि खूप सोपं करून सांगितलं, अजिबात कंटाळा आला नाही. प्रश्न विचारा म्हटल्यावर आधी सगळे गप्प. मग मागून एक काका उठले, साठीच्या पुढचे असतील, टोपी हातात घेतली आणि म्हणाले, "सर, तुमची लाईन झकास आहे, पण यात माझा कांदा कोणता? उन्हाळ असता तर चाळीत भरला असता, भावाची वाट बघितली असती. आमचा आत्ता लाल आहे, तो थांबत नाही. काढला की दोन दिवसात मार्केटला न्यावाच लागतो, मिळेल त्या भावात. मग उन्हाळवाला आणि लालवाला तुम्ही एकाच लाईनीत कसे काय धरले?" (चाळ म्हणजे कांदा साठवायची शेड. उन्हाळ कांदा तिथे टिकतो, लाल टिकत नाही.)

सर थांबले. खरंच थांबले, पाच-सात सेकंद काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "काका, तुम्ही बरोबर बोलताय, मी दोन्ही एकत्रच धरलेत, ते चुकलं माझं." आणि खडू घेऊन फळ्यावर नव्याने दोन रेषा काढल्या, एक टिकणाऱ्या मालाची, एक न टिकणाऱ्या मालाची. त्यानंतर जे बोलणं झालं, कोण व्यापारी कधी माल धरून ठेवतो, चाळ बांधायला पैसे कोणाकडे असतात, बंदीचा दणका कोणाला आधी बसतो, ते मूळ व्याख्यानाएवढंच लांबलं आणि मला विचाराल तर त्याच्यापेक्षा भारी होतं. पुढच्या ओळीतल्या मुली वळून वळून मागे बघत होत्या.

या बाहेरच्या व्याख्यानांची सुरुवात इंग्लंडात झाली, केंब्रिजने १८७३ला ती अधिकृतपणे सुरू केली, आणि त्यामागे जेम्स स्टुअर्ट नावाचे तिथले एक प्राध्यापक होते. त्यांची एक आठवण मला फार जवळची वाटते. रॉचडेलला, म्हणजे कामगारांच्या सहकारी चळवळीचं जे गाव, तिथे व्याख्यान संपल्यावर ते घाईत होते म्हणून आकृत्या भिंतीवर तशाच टांगून गेले. पुढच्या आठवड्यात परत आले तर हॉल सांभाळणारा माणूस म्हणाला, बरं झालं ठेवून गेलात, लोकांनी त्यावर चर्चा केली आणि आता त्यांना तुम्हाला खूप प्रश्न विचारायचेत. तिथून व्याख्यानाला जोडून प्रश्नांचा वेगळा वर्ग घ्यायची पद्धत आली. म्हणजे प्रश्न हे या प्रकाराच्या मुळातच आहेत हो, उरलेल्या वेळात उरकायची गोष्ट नाही ती.

आणि पुण्याला तर हे नवीन नाहीच. २९ जानेवारी १९३९ला बाबासाहेब आंबेडकरांनी गोखले इन्स्टिट्यूटचं काळे स्मृती व्याख्यान दिलं, विषय संघराज्य की स्वातंत्र्य. इंग्रजांच्या १९३५च्या भारत सरकार कायद्यातली संघराज्याची योजना तेव्हा डोक्यावर टांगलेली होती, संस्थानिक स्वतःच आपले प्रतिनिधी नेमून केंद्रात पाठवणार होते, आणि बाबासाहेबांनी एकेक कलम सोलून दाखवलं. अवघड विषय होता पण चालू विषय होता, लोकांच्या पुढ्यात पडलेला. ते व्याख्यान लगेच पुस्तिका म्हणून छापलं गेलं म्हणून आज आपल्याला वाचता येतं. छापणं म्हणजे पण आकृती भिंतीवर ठेवून जाण्यासारखंच आहे.

माझं आयोजकांना मनापासून सांगणं आहे, सत्कार दहा मिनिटात करा, प्रश्नांना अर्धा तास बाजूला काढा आणि तो कापू नका. वक्त्याच्या स्लाईड्स दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाका, लाजू नका. जमलं तर त्याच वक्त्याला महिन्याने परत बोलवा. आपल्याकडे व्याख्यानमालेत रोज नवा वक्ता असतो, त्यामुळे काल जे सुरू झालं ते आज कोणाशी बोलायचं हा मोठा प्रश्न होतो.

त्या काकांनी फळ्यावरच्या दोन रेषांचा मोबाईलवर फोटो काढला, दोनदा काढला कारण पहिला हलला होता. दुसऱ्या दिवशी व्याख्यान संतसाहित्यावर होतं. काका आले, शेजारच्या दोघांना गाडीवर बसवून घेऊन आले, आणि दारातच मामाला विचारलं, कालचे सर आहेत ना?